एकही खटला न हरलेला वकील

१ जानेवारी, सोमवार. सकाळी दहा

नवी डायरी. चामड्याची. संकल्प पहिल्याच पानावर, म्हणजे माघार नाही.

हे वर्ष रेशमाचं. बावीस वर्षं सुती झगा घालून लागोसच्या कोर्टांत उभा राहतोय, आता बास झालं. रेशमी झगा मिळाला की नावापुढे ‘ज्येष्ठ वकील’, बसायला पहिली रांग, आणि आपला खटला यादीत कितीही खाली असो, पुकारा आधी आपला. लादिपो ओकुनोला, ज्येष्ठ वकील. लिहून पाहिलं. शोभतं. पुन्हा एकदा लिहिलं.

कारकीर्द एका ओळीत: आर्थिक गुन्ह्यांचे बावीस वर्षं खटले, हरलेला एकही नाही. बँकवाले, विमावाले, बंदरवाले, सगळे अजून बाहेर हिंडताहेत.

मोरेनिकेला ही ओळ ऐकवली. ती मिरच्या वाटत होती. म्हणाली, तायोचे बाबा, हरला नाहीत हे खरं, पण त्यातला एखादा संपलाय का कधी? बायको गुणाची आहे, कायद्यातलं कळत नाही एवढंच. संपत नाही म्हणूनच तर हरत नाही. याला कसब लागतं.

संकल्प दुसरा: कांडलेला याम बंद. कंदच तो, पण पोट झग्याच्या बाहेर येतं.
संकल्प तिसरा: चेंबरमधल्या ज्युनियर इनीशी सौम्यपणे वागणे.

त्याच दिवशी, दुपारी दोन

याम खाल्ला. सणाचा दिवस धरत नाहीत.

११ जानेवारी, गुरुवार

सरकार विरुद्ध चीफ लेकान शोटुंडे. वर्ष नववं. चीफ म्हणजे पाम क्रेस्ट बँकेचे माजी एमडी. बँक बुडाली, चीफ तरंगले. माझं सगळ्यात मोठं अशील.

आज चीफना कठड्यात चक्कर आली. छान आली. आधी गुडघे, मग खांदे, असं मी सांगितलं होतं तशीच.

सरकारी वकील तंको उठला. वाळकुडा माणूस, खिशात कायम शेंगदाणे. म्हणाला, माय लॉर्ड, आरोपीला चक्कर यायला साक्षीदार उभा राहावा लागतो, एरवी येत नाही. मी उसळून उठलो आणि म्हणालो, आजारपणाची वेळ आरोपी ठरवत नसतो. कोर्टात हशा. माझ्या बाजूने असावा. जस्टिस ओमोरेगी बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. (बाई असल्या तरी कोर्टात त्या माय लॉर्ड.) तारीख मिळाली, १६ एप्रिल. आणखी एक खटला न हरता घरी आलो.

वाटेत लांब पुलावर दोन तास अडकलो. विग काढायचा राहिला होता. शेजारच्या पिवळ्या बसचा कंडक्टर ओरडला, अहो वकीलसाहेब, डोक्यावर मेंढी बसलीय, तिचं पण तिकीट काढा! लोकांचं वकिलांवर प्रेम आहे.

३० जानेवारी, मंगळवार

रेशमाचा फॉर्म आणला. सोपा आहे. एका रकान्यात विचारलंय, खटले किती. ठळक अक्षरात लिहिलं: हरलेले, शून्य.

इनीने खांद्यावरून वाकून पाहिलं. इनी उदोह, माझ्या चेंबरमध्ये तेरा वर्षं. फुटकळ केसेस करते. कोंबडीचोर, मारामारी, रस्त्यावर टपऱ्या लावणारे. म्हणाली, सर, हा रकाना हरलेल्यांचा नाही, निकाल लागलेल्यांचा आहे. इथे शून्य असलं तर फॉर्म तसाच परत येतो.

म्हटलं, हरायला तरी निकाल लागावा लागतो, हे समितीला कळत नाही का? ती म्हणाली, त्यांना तेच कळतं, सर.

दुपारभर अस्वस्थ. आवडतं तिखट पेपर सूपही गोड लागलं नाही.

पाच वाजता वीज गेली आणि डोक्यात प्रकाश पडला! चीफ कायमचे आजारी आहेत, खटला चालवण्याच्या अवस्थेत नाहीत, असा निकाल मिळवायचा. खटला बंद. म्हणजे निकाल लागलेले: एक. एकच, पण केवढा! एवढा साधा विचार बावीस वर्षांत सुचला नाही, कारण खटला संपवायचा विचारच कधी मनात येऊ दिला नव्हता.

१९ फेब्रुवारी, सोमवार

याबा भागात बाबा रशीदीकडे रेशमी झगा शिवायला टाकला. म्हातारा शिंपी, निम्म्या न्यायाधीशांची मापं त्याला तोंडपाठ. टेप गळ्यात तशीच ठेवून विचारलं, साहेब, यादी लागली? म्हटलं, लागल्यातच जमा आहे. तो म्हणाला, मग लागल्यावरच शिवू की. मी त्याला घाई म्हणजे काय आणि दूरदृष्टी म्हणजे काय हे समजावलं.

खांद्यांत एक इंच जास्त ठेवायला सांगितला. मान वाढला की माणूस रुंदावतो.

७ मार्च, गुरुवार

संताप. इनीने आज पुन्हा चेंबरची अब्रू घालवली.

माझ्या चेंबरच्या भिंतीवर पाटी आहे: ‘येथे गुन्हा कबूल हे शब्द उच्चारू नयेत.’ पितळेची. आणि या बाईने एका वेण्या घालणारणीला कोर्टात तेच उच्चारायला लावलं. गुन्हा काय, तर बहिणीच्या लग्नात नवरीवर नोटा उधळल्या, कोणीतरी फोनवर टिपलं, आणि आर्थिक गुन्हे आयोगाने देशाच्या चलनाचा अपमान म्हणून उचललं. आता लागोसमध्ये लग्नात नवरीच्या कपाळावर नोटा नाही चिकटवायच्या तर काय तिकिटं चिकटवायची? मी असतो तर हा खटला सहज दहा वर्षं खेचला असता.

इनी म्हणाली, सर, अकरा मिनिटांत सुटली. एक दिवस बाजार झाडायचा, बस. रविवारी पोरीच्या बारशाला मोकळी.

अकरा मिनिटं! अकरा मिनिटांत कोर्टापुढे माझ्याबरोबरच्या वकिलांची नावंसुद्धा सांगून होत नाहीत.

ती बाई मोईन-मोईनचा, म्हणजे वाफवलेल्या चवळीच्या वड्यांचा, डबा घेऊन आली होती. इनीच्या गळ्यात पडून रडली. माझी बावीस वर्षांतली अशिलं कधी रडली नाहीत. तशी वेळच मी येऊ दिली नाही.

मोईन-मोईन चांगले होते. चार खाल्ले.

२२ मार्च, शुक्रवार

चीफच्या बंगल्यावर तालीम. तीन डॉक्टरांचे तीन दाखले: मान, कंबर, रक्तदाब. चाकाची खुर्ची आली, गळ्याचा पट्टा आला. चीफ खुर्चीत शोभतात. मान लुळी टाकायला सांगितलं तर इतकी सुंदर टाकली की त्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

एक बारीक अडचण. स्वयंपाकघरात रेडिओ लागला की चीफचा उजवा पाय ठेका धरतो. टोकलं. चीफ म्हणाले, वकीलसाहेब, काय करू, पाय माझं ऐकतच नाहीत.

लगेच प्रतिज्ञापत्रात घातलं: ‘आरोपीचे पाय आरोपीचे ऐकत नाहीत.’ तोंडून सहज निघालेला पुरावा सगळ्यात भारी.

१६ एप्रिल, मंगळवार

आज बोललो! असा बोललो की पहिल्या रांगेतले दोन ज्येष्ठ वकील जागे झाले.

तंको म्हणाला, हा माणूस तीन महिन्यांतून एकच दिवस आजारी असतो, तारखेचा. त्यावर मी हात वर केला आणि म्हणालो, माय लॉर्ड, चीफच्या रोजच्या आयुष्याचं चित्रीकरण मी स्वतः कोर्टापुढे ठेवतो. तेच बोलू दे.

हे मी ठरवलं नव्हतं. आतूनच आलं. मोठ्या वकिलांचं असंच असतं.

जस्टिस बाईंनी विचारलं, न कापता, मिस्टर ओकुनोला? म्हटलं, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत, माय लॉर्ड. त्यांनी ते लिहून घेतलं. सावकाश. पुढची तारीख १४ मे.

इनी मागून झगा ओढत होती. दोनदा. शिवण उसवली. नाहीतरी सुती झगा आता किती दिवस लागणार आहे.

२५ एप्रिल, गुरुवार

४ मे, माझा पन्नासावा वाढदिवस. सुरुलेरेत हॉल घेतलाय. मोरेनिकेने सगळ्यांसाठी एकसारखं कापड निवडलं, डाळिंबी, सोनेरी वेलाचं. दोनशे माणसं एका रंगात. अल्हाजी सुलेमोनचा बँड.

चीफना आमंत्रण दिलं. इनी दचकलीच. म्हणाली, सर, त्यांना बोलावू नका. हात जोडते. अल्हाजी गाणार आहे ना?

घाबरट. मी तिला माझा डाव सांगितला. दोनशे साक्षीदारांपुढे चीफ खुर्चीत निपचित पडलेले. आजूबाजूला गाणं, नाच, हशा, आणि ते ढिम्म! याहून मोठा पुरावा कुठला? चित्रीकरणवाल्याला बजावलंय, आभाळ कोसळलं तरी कॅमेरा चीफवरून हलता कामा नये.

इनी म्हणाली, सर, तुम्ही लागोसमध्येच वाढलात ना? विचित्र प्रश्न.

४ मे, शनिवार. सकाळी

पन्नास! आरशात पाहिलं. चाळीसचा वाटतो. मोरेनिके म्हणाली, बसल्यावर. ऊन मस्त पडलंय. चीफच्या गळ्याच्या पट्ट्यालाही तिने तेच डाळिंबी कापड चढवलंय. बायको असावी तर अशी.

आज याम खाणार. पन्नाशी रोज येत नाही.

५ मे, रविवार. दुपारी

झालं ते क्रमाने लिहितो. वकिलाने भावनेच्या आहारी जाऊ नये.

दोन वाजेपर्यंत सगळं उत्तम. ड्रायव्हरने चीफना ढकलत आणलं. पहिली रांग. मान लुळी. बायका हळहळल्या. माझ्या मावशीने तर त्यांना भरवलं. कॅमेरा चीफवर.

अडीचला अल्हाजी सुलेमोनची नजर चीफवर पडली.

आता गायकाने नाव घेऊन सात पिढ्या गायला घेतल्या आणि माणूस जागेवर बसून राहिला, असं आमच्याकडे आजवर घडलेलं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त आठवलं नाही. अल्हाजीने आधी चीफच्या वडलांचं नाव घेतलं. चीफनी खुर्चीची चाकं घट्ट धरली. मग आजोबांचं. खांदा हलला. मी लांबूनच डोळे वटारले. मग पणजोबा आणि त्यांचा पांढरा घोडा आला, ढोल त्या घोड्यासारखे दौडू लागले, आणि चीफ उठले.

नुसते उठले नाहीत. उडाले. गळ्याचा पट्टा सुटून पेपर सूपच्या पातेल्यात पडला. कंबर अशी फिरली की ज्या डॉक्टरने ती निकामी ठरवली होती तो स्वतः टाळ्या वाजवत होता. हॉल नुसता किंचाळत होता.

मी धावलो. हे नोंदवून ठेवतो: त्यांना खाली बसवण्याच्या शुद्ध हेतूने धावलो. त्यांच्या खांद्यांवर हात ठेवला, दाबणार, तेवढ्यात अल्हाजी वळला आणि म्हणाला, लादिपो! अबेओकुटाच्या पोस्टमास्तरचा लेक! कायद्याच्या रानातला हत्ती!

वडलांचं नाव असं भर सभेत कोणी शेवटचं कधी घेतलं होतं? ते गेल्याला अठरा वर्षं झाली. डोळ्यांत पाणी आलं. मग काय झालं मला नीट सांगता येणार नाही. हातात नोटांचं बंडल होतं, मोरेनिकेने कधी दिलं कळलं नाही. मी चीफच्या कपाळावर चिकटवत होतो, चीफ माझ्या. हत्ती नाचला. तासभर.

इनी जॉलॉफ भाताच्या टेबलाशी उभी होती. डोळ्यांवर हात.

चित्रीकरणवाला कामाला चोख. कॅमेरा एकदाही हलला नाही.

तात्पुरता आराम पडणं वैद्यकशास्त्राला मान्य आहे. गाण्याने पडतो. यावर काहीतरी वाचायला हवं.

६ मे, सोमवार

चित्रीकरणवाल्याला गप्प केलं असतं. पण फोन दोनशे होते. आज अख्खा देश पाहतोय. इकोरोडूच्या एका पास्टरने जाहीर केलंय की हा चमत्कार त्याच्या प्रार्थनेने झाला. त्याला साक्षीदार म्हणून बोलवावं असं इनीला सुचवलं. ती नाही म्हणाली. तिला दूरचं दिसत नाही.

याम.

१४ मे, मंगळवार

कोर्टात पडदा लावला. तंको उठून फक्त म्हणाला, माझ्या विद्वान मित्राने न कापलेलं चित्रीकरण द्यायचं कबूल केलंय. खाली बसला आणि शेंगदाणे काढले.

तीन तास दहा मिनिटं. जस्टिस बाईंनी सगळं पाहिलं. पट्टा सूपात पडला तेव्हा कारकून टेबलाखाली काहीतरी शोधायला गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

मग बाईंनी चित्र थांबवायला सांगितलं. म्हणाल्या, मिस्टर ओकुनोला, तुम्ही आरोपीच्या कपाळावर हे काय लावताय?
म्हटलं, ताप पाहत होतो, माय लॉर्ड.
म्हणाल्या, नोटेने?

खाली बसलो. पन्नाशीचा वाटलो असणार.

अर्ज फेटाळला. खटला उद्यापासून रोज. चीफ कठड्यातून आपल्या पायांनी चालत गेले. दारापाशी वळून म्हणाले, वकीलसाहेब, पार्टी झकास झाली, पण उद्यापासून मी दुसरा वकील पाहतो.

रकाना: अजून शून्य. पण हरलो म्हणता येणार नाही. अर्ज हरला.

२० मे, सोमवार

आयोगाचा लिफाफा आला. चलनाचा अपमान, सुरुलेरे, ४ मे. वाटलं, वा, चीफ गेले तरी काम येतंच आहे. दुसऱ्यांदा वाचताना आरोपीचं नाव पाहिलं.

२ जून, रविवार

प्राथमिक हरकत तयार. बासष्ट पानं. नोट म्हणजे काय, कपाळ म्हणजे काय, उधळणं आणि चिकटवणं यांतला फरक. आरामात नऊ वर्षं जातील. लागली तर चाकाची खुर्ची आहेच. (चीफनी परत पाठवली आहे.)

मोरेनिके चेंबरमध्ये येऊन बासष्टाव्या पानापर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, तायोचे बाबा, म्हणजे नऊ वर्षं हे आपल्या घरात राहणार? तायोच्या लग्नात व्याही विचारतील, तेव्हाही तारीखच सांगायची? मला संपवून हवंय हो. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग इनी आली. म्हणाली, सर, मी उभी राहते तुमच्यासाठी. एकच अट. तुम्ही फक्त दोन शब्द बोलायचे.

कुठले, ते मी विचारलं नाही. दोघींनी एकदम भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

झोप आली नाही. माझ्या अशिलांच्या बायकांना कधी विचारलंच नव्हतं.

६ जून, गुरुवार

वकिलाचं नाव विचारलं तेव्हा सवयीने मीच उभा राहिलो. इनीने कोट धरून खाली बसवलं.

मग आरोपीला विचारलं. बासष्ट पानं कोटाच्या आतल्या खिशात होती, टोचत होती. मागे वळून पाहिलं. मोरेनिके तोच डाळिंबी फेटा बांधून बसली होती. तो दिवस तिने टाकून दिला नव्हता.

म्हणालो, गुन्हा कबूल.

कोवळा मॅजिस्ट्रेट होता. विचारलं, काम कुठे करता? म्हटलं, हायकोर्टात. म्हणाला, मग तेच अंगण झाडा. एक दिवस.

घड्याळ लावलं होतं. नऊ मिनिटं. माझ्या आयुष्यात निकाल लागलेला हा पहिला खटला. बाहेर येऊन मोरेनिकेने इनीला मिठी मारली आणि रडली. मग मला. इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. अशिलांना हे माहीत असतं तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं.

७ जून, शुक्रवार

सकाळी आठपासून हायकोर्टाचं अंगण. आमचा झाडू आखूड, ताडाच्या काड्यांचा, पार वाकावं लागतं. कंबर गेली. खरोखरची. दाखला कोण देणार?

तंको आला, थांबला, शेंगदाण्याची टरफलं मुठीतच ठेवून पुढे गेला. चांगला माणूस आहे. नऊ वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

नवाच्या सुमाराला इनी. हातात रेशमाचा फॉर्म, तिचा स्वतःचा. चेंबरच्या प्रमुखाची सही लागते. काखेत झाडू धरून चाळला. निकाल लागलेले खटले: दोनशे चौदा. कोंबडीचोर, टपरीवाले, वेणीवाली. अगदी शेवटी: सरकार विरुद्ध लादिपो ओकुनोला. तेरा वर्षं ही शेजारच्या टेबलावर बसून खटले संपवत होती आणि मी तिला दूरचं दिसत नाही म्हणायचो.

आज मला लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या मी नाकारणार.

सही केली. इनीने विचारलं, सर, वाईट वाटलं? म्हटलं, छे, धूळ गेली डोळ्यात. ती पायऱ्या चढून आत गेली. तिचा सुती झगा कोपरापाशी फाटलेला आहे. हेही आजच दिसलं.

तेवढ्यात बाबा रशीदीचा फोन. झगा तयार आहे, साहेब, कधी नेताय? मी पायऱ्यांकडे पाहत होतो. म्हटलं, खांद्यांत तीन इंच आत घे.

तो म्हणाला, अरे वा, बारीक झालात?

म्हटलं, हो.